हॉट रॉड बघायला गेलो आणि रबराच्या पट्टीपाशी अडकलो

आज नेहमीसारखं जीएसटी नाही, उधारीची वही नाही. आज गाड्यांवर लिहिणार आहे. पण वाचा, कारण यात एका आईचं गंठण गहाण पडता पडता राहिलंय.

माझ्या बॅचमधला एक मुलगा, वय चोवीस. मामाच्या गाळ्यात वालीवला डेंटिंग आणि वेल्डिंग शिकला. हात इतका चांगला की ठोकलेलं बोनेट सरळ केलं की पुट्टी नावालाच लागते. एका शनिवारी दुकान बंद करायच्या वेळेला तो फाईल घेऊन आला. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'हॉट रॉड गॅरेज, वसई पूर्व'. आत कॅलिफोर्नियाच्या गाड्यांचे रंगीत प्रिंट. छप्पर कापून खाली आणलेलं, मागची चाकं रुंद, इंजिन उघडं, बाजूला ज्वाळा रंगवलेल्या. शेवटच्या पानावर हिशोब होता. नऊ लाख भांडवल, त्यातले तीन आईच्या गंठणावर आणि बाकी एका फायनान्सवाल्याकडून.

"ताई, सोमवारी टोकन द्यायचंय गाळ्याचं," तो म्हणाला.

नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण नाही ऐकून कोणी शहाणं होत नाही, मीही झाले नव्हते. मी एवढंच म्हटलं, "टोकन आठ दिवस थांबव. उद्या रॅली आहे, माझ्याबरोबर चल."

मुंबईत हिवाळ्यात जुन्या गाड्यांची रॅली निघते. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आणि वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही त्यातली जुनी नावं. फोर्टातलं हॉर्निमन सर्कल हे तिचं ओळखीचं ठिकाण. विरारहून पहाटेची लोकल पकडली, चर्चगेटला उतरून चालत गेलो. मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचलो, हेच अर्धं यश.

खरं सांगू? पहिला अर्धा तास मी धंदाबिंदा विसरले. झाडांच्या सावलीत लांबलचक ब्यूइक, शेवरोले, छोट्या ऑस्टिन, मॉरिस मायनर, आणि मध्येच एक विलीज जीप. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जोडायला घेतली, तिथून त्यांचा गाड्यांचा धंदा सुरू झाला. कोणीतरी एक जुनं इंजिन सुरू केलं तेव्हा सगळे बोलायचे थांबले. आजच्या गाडीचा आवाज एकसलग येतो, त्या इंजिनाचे ठोके मोजता येत होते. पेट्रोलचा तो वास आला आणि मला बाबांची फियाट आठवली. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढे सलग सीट, आणि पावसाळ्यात आमच्या मांडीवर गळणारं पाणी.

आमचा पठ्ठ्या मात्र भिरभिरत होता. "ताई, यात हॉट रॉड एकपण नाही."

बरोबर होतं त्याचं. सगळ्या गाड्या कंपनीतून आल्या तशा, किंवा तशा करण्यासाठी जीव ओतलेल्या.

मग कठड्यावर बसून चहा घेतला आणि मी त्याला हॉट रॉडची गोष्ट सांगितली. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात पोरं जुन्या फोर्ड मॉडेल टी आणि मॉडेल ए स्वस्तात घ्यायची. नको ते पत्रे काढून गाडी हलकी करायची, इंजिन सुधारायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायची. १९३२ च्या फोर्डमध्ये व्ही-एट इंजिन आलं, ती तर त्यांची लाडकीच. त्या पोरांनी १९३७ मध्ये स्वतःची असोसिएशन काढली आणि जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं.

आता धंद्याच्या नजरेने बघा. गाडी बनवणाऱ्याचा पैसा गाडीत जायचा. त्या शौकात टिकाऊ धंदा बऱ्याच वेळा गाडीला लागणारी वस्तू विकणाऱ्याचा झाला. विक एडलब्रॉक गॅरेजवाला होता. स्वतःच्या फोर्डसाठी त्याने इनटेक मॅनिफोल्ड बनवला, इतरांना तोच हवा झाला, आणि पुढे त्याच्या नावाची मोठी कंपनी उभी राहिली. रॉबर्ट पीटरसन त्या प्रदर्शनाच्या प्रसिद्धीच्या कामात होता. त्याने त्याच महिन्यात 'हॉट रॉड' नावाचं मासिक काढलं आणि प्रदर्शनाला आलेल्या लोकांना विकलं. गर्दी आधीच जमलेली होती, याने फक्त तिला हवी ती वस्तू हातात दिली.

"मग मी इथे तेच सुरू करतो ना," तो म्हणाला.

इथे आपला कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कलमावर स्पष्ट निकाल दिला. सीएनजी किट बसवता येतं, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत सोय करता येते (या कामाकडे फार कमी लोक बघतात, त्यावर वेगळा व्हिडिओ करायचाय), रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यायची. पण छप्पर कापलं, चासी बदलली, की ग्राहक आपली गाडी एमएच-४८ ची पाटी लावून वसईच्या रस्त्यावर आणणार कशी? आणि अपघात झाला, इन्शुरन्सवाल्याने हात वर केले, तर तो ग्राहक आधी कोणाच्या गाळ्यावर येईल?

"पण दादी, पंजाब-हरियाणात जीपा बनवतात की," असं तुम्हीही म्हणाल, तो तर तिसऱ्याच वाक्याला म्हणाला. बनवतात. सिरसा जिल्ह्यातल्या मंडी डबवालीचं नाव त्यासाठी देशभर आहे. पण दुसऱ्याची चालू दुकानं बघून आपण कर्ज काढायचं नसतं. कर्ज काढायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारायचं असतं.

हे मी पुस्तक वाचून बोलत नाही. २०१२ मध्ये मी नुकतीच बीबीए होऊन बाबांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात बसले होते. मार्च महिन्यात काळ्या फिल्मचे रोल होलसेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून चाळीस हजारांचे उचलले. बाबा म्हणाले होते, एवढे नको. मी त्यांना मार्जिनचं गणित समजावलं. २७ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने गाडीच्या काचांवर काळी फिल्म लावायलाच बंदी घातली. मे महिन्यात लोक आमच्याकडे फिल्म लावायला नाही, काढायला येत होते. खटला कोर्टात आधीपासून चालू होता, पेपरात येत होतं. मी वाचलं नव्हतं. ते रोल अजून पोटमाळ्यावर आहेत. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

असो. आम्ही परत गाड्यांकडे वळलो. एका क्रीम रंगाच्या फियाट अकराशेजवळ सत्तरीच्या पुढचे एक काका मलमलच्या कपड्याने बंपर पुसत होते. आमच्या मुलाने त्यांचं दार उघडून बंद केलं. दोनदा आपटावं लागलं. त्याने लगेच वाकून कडेला बोट फिरवलं.

"काका, बीडिंग दुसऱ्या गाडीचं लावलंय तुम्ही."

काका हसले. "मूळचं मिळतं कुठे? कुर्ल्याला सीएसटी रोड पालथा घातला. क्रोम करणारा आहे, इंजिनवाला आहे, गादीवाला आहे. हे रबर मात्र मिळत नाही. पावसात गाडी बाहेर काढतच नाही मी."

मग पुढचे दोन तास आम्ही गाड्या बघितल्या नाहीत, दारं बघितली. वहीत लिहून घेतलं. कोणाकडे दाराचं रबर गेलेलं, कोणाकडे काचेच्या चॅनेलचं, कोणाकडे पेडलचं. त्यात कुर्ल्याच्या प्रीमियरच्या गाड्या बऱ्याच होत्या. हीच फियाट १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास बंद पडली. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या टॅक्सीतूनही ती गेली. टॅक्सी होत्या तोवर पार्टचा बाजार चालत होता. टॅक्सी संपली, पार्ट आटले, आणि गाड्या सांभाळणारे मात्र अजून आहेत.

आणखी एक गोष्ट मी त्याला रेल्वेत बसल्यावर दाखवली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवायची नाही, म्हणजे लग्नात भाड्याने द्यायचा विचारही सोडा. पण 'मूळ रूप' हा शब्द बघा. १९७४ च्या पद्मिनीला २०२४ मध्ये पन्नास झाली, आणि दर वर्षी आणखी एका सालच्या गाड्या त्या ओळीत येऊन उभ्या राहतात. त्यांच्या मालकांना गाडी कापणारा नको आहे, गाडी होती तशी करणारा हवा आहे.

गाळ्याचं टोकन त्याने दिलं नाही. काकांकडून जुन्या रबराचा वीतभर तुकडा आणला आणि गोखिवऱ्याला रबर एक्सट्रूजनवाल्याकडे गेला. डायचे पैसे वेगळे, आणि निदान शंभर मीटर माल उचलायचा. मिळून सोळा हजार, ते त्याच्या स्वतःच्या बचतीतले. पहिला लॉट वाया गेला. त्याने भरीव रबर घेतलं, दार बंदच होईना. दाराला आतून जाळीदार, दाबलं की दबणारं स्पंज रबर लागतं. भरीव लागतं ते काचेला. नऊ हजार गेले. तो दोन दिवस माझा फोन उचलत नव्हता. मी पोटमाळ्यावरच्या रोलचा फोटो पाठवला, मग आला.

दुसरा लॉट बसला. आतापर्यंत अकरा गाड्यांचे सेट गेलेत, मामाकडचं काम चालूच आहे. अकरा गाड्यांवर घर चालत नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. हॉट रॉडचा प्रिंट त्याच्या बेंचच्या वर अजून चिकटवलेला आहे, आणि तो काढ असं मी सांगणार नाही.

परवा काकांचा फोन आला, दार आता एका बोटाने लागतं म्हणून. मग म्हणाले, पुढच्या काचेचं रबर जमेल का? त्याला चार कोपरे साच्यात जोडावे लागतात, ते एक्सट्रूजनवाल्याचं काम नाही. साच्यावाला सातिवलीला एक बघितलाय, बुधवारी दोघं जाणार आहोत.