पुस्तकाचा क्रमांक बदलला, तर प्रायमरी कीचं काय?

ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये आयएसबीएनला प्रायमरी की केलं, की निवड बिनतोड वाटते. क्रमांक जगभर मान्य, तो बदलणार कशाला? पण १ जानेवारी २००७ पासून १० अंकी आयएसबीएन १३ अंकी झाला. नुसतं पुढे ९७८ जोडून भागत नव्हतं. शेवटचा तपासणी अंकही नव्याने काढावा लागला.

‘प्रायमरी की बदलताच येत नाही’ असं अनेक जण शिकून येतात. प्रत्यक्षात तिच्यावर अटी दोनच: मूल्य रिकामं नको आणि दोन ओळींत सारखं नको. ‘बदलू नये’ हा सल्ला आहे, तोही चांगला. पण तो एसक्यूएलचा नियम नाही.

अडतं ते फॉरेन कीपाशी. देवघेवीच्या टेबलात जुनाच आयएसबीएन बसलेला असतो. मूळ टेबलातला क्रमांक बदलायला गेलात, तर डेटाबेस अडवतो. अडवतो हेच बरं, नाहीतर कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, याचा मागच तुटेल. फॉरेन कीवर ‘ऑन अपडेट कॅस्केड’ असेल, तर देवघेवीतल्या नोंदी आपोआप बदलतात. ‘मग काळजी मिटली’ हा मला सर्वांत घातक गैरसमज वाटतो. ओरॅकलमध्ये ही सोयच नाही. जिथे आहे तिथेही ती फॉरेन कीने बांधलेल्या टेबलांपुरतीच. एक्सेलमध्ये उतरवलेल्या याद्या आणि पुस्तकांवर चिकटवलेले बारकोड जुनेच राहतात.

की म्हणून दुसराच कॉलम नेमायचा, तर आदेश एका ओळीचा, पण काम मोठं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवलेल्या असतात, इतर इंडेक्सही तिच्याच आधाराने ओळ शोधतात. त्यामुळे सगळं टेबल नव्याने बांधलं जातं. जुनी की काढणं आणि नवी घालणं एकाच ‘अल्टर टेबल’मध्ये करा, म्हणजे ही बांधणी दोनदा होणार नाही. आधी बॅकअप घ्याच.

‘मग आपोआप वाढणारा क्रमांक घेतला की झालं’ हेही अर्धंच खरं. साधा ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो, आणि मग फॉरेन कीचे कॉलमही रुंदावावे लागतात. शिवाय एकच आयएसबीएन दोनदा नोंदला गेला, तरी तो क्रमांक हूं की चूं करत नाही. त्यासाठी आयएसबीएनवर वेगळं युनिक बंधन हवं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये हे बंधन कितीही रिकाम्या नोंदी चालवून घेतं. आयएसबीएन येण्याआधी छापलेल्या जुन्या मराठी पुस्तकांसाठी मग खोटा क्रमांक रचावा लागत नाही.