घराच्या छतावरील सौरवीज आणि वीजबिलाचे गणित : महाराष्ट्रातील घरगुती ग्राहकाच्या संदर्भात

प्रस्तावना

ऊर्जेच्या अपारंपरिक स्रोतांचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ पर्यावरण आणि राष्ट्रीय धोरण या दोन अंगांनी झाला. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न आता अधिक जवळचा झाला आहे. दरमहा येणारे वीजबिल स्वतःच्या छतावर वीज निर्माण करून कमी करता येईल काय, आणि येत असल्यास किती, असे त्याचे स्वरूप आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना' सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेमुळे हा विषय घरोघरी पोहोचला. तथापि 'मोफत' या शब्दामुळे काही गैरसमजही रूढ झाले. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील घरगुती ग्राहकाचे बिल कसे आकारले जाते, छतावरील संच त्या बिलाच्या कोणत्या भागावर परिणाम करतो आणि त्या परिणामाच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन केले आहे. छतावर किती पॅनेल मावतात यापेक्षा घरात कोणत्या दराची किती युनिटे वापरली जातात यावर बचत अवलंबून असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

वीजबिलाची रचना

एक किलोवॉट क्षमतेचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या रकमांवर १६ टक्के दराने वीज शुल्क अशी विभागणी असते. यांपैकी स्थिर आकाराचा वापरलेल्या युनिटांशी संबंध नसतो. उर्वरित बहुतेक रक्कम युनिटांवर ठरते. वीज आकाराचे टप्पे पाडलेले आहेत : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० हून अधिक युनिटे. टप्पा चढत जातो तसा प्रतियुनिट दर वाढतो. पहिल्या टप्प्यातील युनिट तुलनेने स्वस्त असते, तर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील युनिट त्याच्या कितीतरी पट महाग पडते.

या रचनेचा सौरसंचाशी थेट संबंध आहे. विकत घेतलेली युनिटे कमी होऊ लागली म्हणजे प्रथम सर्वांत वरच्या, म्हणजेच सर्वांत महाग टप्प्यातील युनिटे कमी होतात. म्हणून एकाच क्षमतेचा संच दोन शेजाऱ्यांच्या घरांवर बसविला, तरी त्यांना होणारी बचत सारखी नसते.

छतावर वीज कशी व किती निर्माण होते

प्रकाशामुळे विद्युतप्रवाह निर्माण होण्याची घटना फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये नोंदविली. तिला व्यवहारोपयोगी रूप मिळण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट तयार झाला. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या पुढे गेली आहे. पॅनेलमधून एकदिश प्रवाह मिळतो. इन्व्हर्टर त्याचे घरगुती वापरास योग्य अशा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो.

महाराष्ट्रात एक किलोवॉट क्षमतेचा संच वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ४ युनिटे, म्हणजे वर्षाकाठी साधारणपणे १,३०० ते १,५०० युनिटे देतो. त्यासाठी मधली मोकळी जागा धरून सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित छत लागते. पॅनेलचा रोख दक्षिणेकडे आणि कल स्थानिक अक्षांशाच्या जवळपास ठेवणे इष्ट असते.

पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेतील प्रमाणित परिस्थितीत, म्हणजे प्रतिचौरस मीटर १,००० वॉट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. उन्हाळ्यात दुपारी छतावरील पॅनेलचे तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकते आणि दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हाने विक्रमी वीज मिळेल ही अपेक्षा त्यामुळे पूर्णतः खरी ठरत नाही. पॅनेलला हवा असतो तो प्रकाश, उष्णता नव्हे. धूळ आणि सावली हे दोन घटकही महत्त्वाचे आहेत. पॅनेलमधील घट एकापुढे एक जोडलेले असल्याने पाण्याच्या टाकीची वा नारळाच्या झाडाची सावली थोड्या घटांवर पडली, तरी संपूर्ण रांगेचे उत्पादन घटू शकते.

नेट मीटरिंगची भूमिका

सौरवीज दिवसा निर्माण होते, तर नोकरदार कुटुंबाचा बराचसा वापर सकाळी आणि रात्री असतो. ही तफावत बॅटरीने भरून काढता येते, पण तिने खर्च वाढतो. नेट मीटरिंग, म्हणजेच नक्त मापन, हा त्यावरील पर्याय होय. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने त्यासाठी प्रथम २०१५ मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये विनियम केले. या पद्धतीत दुहेरी मीटर बसविला जातो. घरात न लागलेली वीज वितरण जाळ्यात जाते, रात्री लागणारी वीज जाळ्यातून येते आणि बिल या दोहोंच्या फरकावर आकारले जाते. एखाद्या महिन्यात जाळ्यात दिलेली युनिटे अधिक झाली, तर ती पुढील महिन्यात वळती केली जातात.

मात्र ही शिल्लक कायम राहत नाही. हिशेबाचे वर्ष मार्चअखेरीस संपते आणि तेव्हा उरलेल्या युनिटांना मिळणारा दर ग्राहक स्वतः भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे ऋतुमानाला येथे वेगळे महत्त्व येते. एप्रिल-मे महिन्यांत जमा झालेली युनिटे जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत उपयोगी पडतात. याउलट डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आकाश निरभ्र असते, पंखे बंद असतात आणि शिल्लक वाढत जाते. पण ती उन्हाळ्यात वापरण्यापूर्वीच वर्ष संपते. गरजेपेक्षा मोठा संच बसविणाऱ्याचे नुकसान येथे होते.

आकारमानाचा निर्णय : तीन उदाहरणे

वरील योजनेनुसार पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचास एकूण ७८,००० रुपये अनुदान देय आहे. पुढील उदाहरणांतील संचांच्या किमती व विजेचे दर केवळ समजण्यासाठी गृहीत धरले असून प्रतिकिलोवॉट वार्षिक उत्पादन १,४०० युनिटे मानले आहे.

१) पहिल्या कुटुंबाचा वापर दरमहा सरासरी २५० युनिटे, म्हणजे वर्षाला ३,००० युनिटे आहे. दोन किलोवॉटच्या संचाची किंमत १,३०,००० रुपये धरल्यास अनुदान वजा जाता ७०,००० रुपये पदरचे घालावे लागतात. वर्षाला मिळणारी २,८०० युनिटे घरच्या वापरातच वळती होतात. प्रतियुनिट सरासरी ९ रुपये वाचले, तर वार्षिक बचत २५,२०० रुपये होते आणि खर्च तीन वर्षांच्या आत भरून निघतो.

२) याच कुटुंबाने छत मोठे आहे म्हणून पाच किलोवॉटचा संच ३,००,००० रुपयांस घेतला, तर अनुदानानंतर २,२२,००० रुपये द्यावे लागतील. उत्पादन ७,००० युनिटे होईल. त्यांतील ३,००० युनिटांचे २७,००० रुपये वाचतील आणि उरलेल्या ४,००० युनिटांना ३ रुपये दर मिळाल्यास १२,००० रुपये येतील. एकूण लाभ ३९,००० रुपयांचा. पहिल्या पर्यायाच्या तुलनेत १,५२,००० रुपये अधिक गुंतवून वर्षाला केवळ १३,८०० रुपये अधिक मिळतात. ही वाढीव रक्कम भरून निघण्यास सुमारे ११ वर्षे लागतील.

३) दुसऱ्या कुटुंबाचा वापर दरमहा ९० युनिटे आहे. एक किलोवॉटचा संच अनुदान वजा जाता ४०,००० रुपयांस पडला आणि पहिल्या टप्प्यातील युनिटामागे साडेपाच रुपये वाचले, तर वर्षाच्या १,०८० युनिटांवरील बचत ५,९४० रुपये होते. उरलेल्या युनिटांची किरकोळ प्राप्ती वगळता खर्च भरून निघण्यास सहा-सात वर्षे लागतात.

हिवाळी शिलकीचा परिणाम या मांडणीत धरलेला नाही. तथापि दिशा स्पष्ट आहे. संच घेण्यापूर्वी मागील बारा महिन्यांच्या बिलांवरील युनिटांची बेरीज करावी, तिला १,४०० ने भागावे आणि येणाऱ्या किलोवॉटच्या आसपासच थांबावे. संचाची क्षमता मंजूर भाराच्या मर्यादेतच असावी लागते, हेही लक्षात घ्यावे.

निर्मितीपूर्वी बचत

कमी खर्चात बिल कमी करण्याचा मार्ग अनेकदा पॅनेलच्या आधीच सापडतो. १०० लिटर पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढविण्यास सुमारे ४ युनिटे ऊर्जा लागते. एक किलोवॉटचा सौरसंच दिवसभरात साधारण तेवढीच वीज निर्माण करतो. हेच काम सुमारे दोन चौरस मीटर संग्राहकाचा सौर बंब थेट उष्णतेच्या रूपात करतो. आधी विजेत आणि मग पुन्हा उष्णतेत असे दुहेरी रूपांतर त्यात टळते. त्याचप्रमाणे ७५ वॉटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॉटचा बीएलडीसी पंखा वापरल्यास चार पंखे रोज बारा तास चालणाऱ्या घरात महिन्याला सुमारे ६५ युनिटे वाचतात. प्रथम वापर कमी करावा आणि मग उरलेल्या वापराइतका संच घ्यावा, हा क्रम उलटा केल्यास संच विनाकारण मोठा होतो.

घरगुती पवनचक्कीचाही विचार काही ग्राहक करतात. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर शक्ती एक अष्टमांश उरते. इमारतींमुळे शहरी छतांवरील वारा मंद आणि विस्कळीत असतो. म्हणून शहरी घरासाठी हा पर्याय सहसा परवडत नाही.

काही मर्यादा

पहिली मर्यादा तांत्रिक आहे. जाळ्याशी जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीजपुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद पडतो. दुरुस्तीसाठी तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून ही योजना केलेली असते. भारनियमनाच्या वेळी छतावरील वीज उपयोगी पडेल अशी समजूत असल्यास ती आधीच दूर व्हावी. दुसरे असे की, पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षांचे असले तरी इन्व्हर्टर मध्यंतरी एकदा बदलावा लागण्याची शक्यता असते. तिसरे म्हणजे, स्थिर आकार भरावाच लागत असल्याने बिल शून्यावर येत नाही.

चौथी मर्यादा नियमांशी निगडित आहे. सौर युनिटाची किंमत सूर्यप्रकाशाइतकीच हिशेबाच्या नियमावर ठरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना जाळ्यात दिलेल्या विजेचा मोबदला बराच कमी केला आणि तेथील गणित पालटले. २५ वर्षांच्या गुंतवणुकीत आजचा नियम कायम राहील असे गृहीत धरणे धाडसाचे होय. ज्याचा खर्च चार-पाच वर्षांत भरून निघतो, असा आटोपशीर संच या दृष्टीनेही सुरक्षित ठरतो.

सामाजिक बाजू

राष्ट्रीय सौर अभियानाचे लक्ष्य २०१५ मध्ये वाढविण्यात आले, तेव्हा २०२२ पर्यंत छतांवर ४०,००० मेगावॉट क्षमता उभारण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात २०२२ अखेर त्याच्या पाव भागापर्यंतही मजल गेली नाही. याचे एक कारण वरील तिसऱ्या उदाहरणात दिसते. ज्याचा वापर कमी त्याला प्रेरणा कमी, आणि त्याच्याजवळ भांडवलही कमी. भाडेकरूला छत नसते. सदनिकाधारकाचे छत सामाईक असते; गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, पण त्याने प्रत्येक घरातील बिल कमी होत नाही.

याहून गंभीर बाब आंतर-अनुदानाची आहे. वरच्या टप्प्यातील ग्राहक अधिक दर देतात म्हणून खालच्या टप्प्यांना व शेतीपंपांना सवलतीची वीज देणे शक्य होते. हेच ग्राहक प्रथम सौरसंचाकडे वळले, तर जाळ्याचा खर्च उरलेल्यांवर पडण्याचा धोका संभवतो. राज्य शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि दरमहा १०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी पूरक अनुदानाची 'स्मार्ट' योजना आणली, ती या पार्श्वभूमीवर योग्य दिशेची म्हणावी लागेल. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या मान्याचीवाडीसारखे लहान गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले, त्यामागे गावाने एकत्र घेतलेला निर्णय होता. एकेकट्याला न परवडणारी गोष्ट सामुदायिक प्रयत्नाने साध्य होऊ शकते, हा त्याचा अर्थ.

समारोप

घरच्या छतावरील सौरवीज हा वीजबिल कमी करण्याचा सिद्ध झालेला मार्ग आहे; मात्र तो सर्वांना सारखाच फलदायी नाही. मध्यम व अधिक वापर असलेल्या, स्वतःचे सावलीविरहित छत असलेल्या कुटुंबास तो निश्चितपणे लाभदायक ठरतो. अल्प वापराच्या कुटुंबास अनुदानाशिवाय तो परवडणे कठीण आहे. संचाचे आकारमान विक्रेत्याच्या प्रस्तावावरून न ठरविता स्वतःच्या वार्षिक वापरावरून ठरविणे आणि त्याआधी वापरात काटकसर करणे, ही दोन पथ्ये पाळल्यास अपेक्षाभंग टळू शकतो. बारा बिलांची बेरीज आणि एक भागाकार एवढेच गणित त्यासाठी लागते. विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून स्वतःच्या घराचे हे गणित मांडावयास सांगितले, तर भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र व नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा परस्परसंबंध त्यांना प्रत्यक्ष कळेल आणि त्यांच्या पालकांनाही निर्णय घेणे सुकर होईल.