आहेरातील सुरी

गेल्या मार्गशीर्षात आमच्या पुतणीचे लग्न झाले. घरात तीन मिक्सर आणि पाच डिनर सेट जमा होऊ नयेत, म्हणून आजची मुले आहेराची यादी स्वतःच करून देतात. तशीच एक यादी तिनेही जवळच्या आप्तांकडे पाठविली. तिसऱ्या ओळीत लिहिले होते : ‘स्वयंपाकाच्या चांगल्या सुऱ्या’. ते वाचताच आमच्या सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला. “लेकीला धारदार वस्तू देऊ नये, नाते कापले जाते,” त्या म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, “शिवाय हिंसादान म्हणतात ते आणखी वेगळे काय असते?”

दोन्ही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पहिल्या आक्षेपाला लोकरीतीतच उत्तर आहे. धारदार वस्तूने संबंध तुटतो ही समजूत इंग्लंड-अमेरिकेतही आढळते. तेथे सुरी घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवतो. म्हणजे ती भेट राहत नाही, खरेदी होते. व्यापारी घराला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या असे अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, विष यांचा उल्लेख तेथे येतो. भाजीची सुरी त्यांच्या पंक्तीला बसवावी काय, यावर आमच्या घरात दोन दिवस बोलणे झाले. शेवटी सासूबाईंनीच निवाडा दिला : “अनर्थ म्हणजे प्रयोजनाविना. पोरीच्या स्वयंपाकाला जेवढे लागते तेवढे द्या. न लागणारे एकही पाते तिच्या घरात जाऊ नये.” आमची सारी निवड पुढे या एका वाक्यावरच झाली.

किती आणि कोणत्या?

बाजारात लाकडी ठोकळ्यात खोवलेले बारा-पंधरा नगांचे संच मिळतात. आहेर म्हणून ते भरघोस दिसतात. परंतु त्यांतील एकेका सुरीचे काम विचारले, तर एक हाडापासून मांस सोडविण्याची, एक शिजलेल्या मांसाचे काप करण्याची, आणि चार-सहा ताटात घेऊन मांस कापण्याच्या निघतात. अशा सुऱ्यांचे आपल्या स्वयंपाकघरात काय काम? आणि पैसे मात्र त्यांचेही मोजावे लागतात.

आपल्याकडे कापले काय जाते ते पाहावे. कंदमुळे नाहीत, म्हणजे बटाटे सोलणे नाही आणि कांदा बारीक चिरणे नाही. कच्ची केळी, दुधी, दोडका, भेंडी, ढोबळी मिरची, टोमॅटो, काकडी, लाल भोपळा आणि फळे. एवढ्यासाठी तीन सुऱ्या पुरेत. पहिली आठ ते दहा सेंटिमीटर पात्याची लहान सुरी : देठ काढण्यास, फळ सोलण्यास आणि भेंडी उभी चिरून आत कीड नाही ना हे पाहण्यास. दुसरी सोळा ते अठरा सेंटिमीटरची रुंद पात्याची सुरी : ही रोजची, निम्म्याहून अधिक काम हिचेच. तिसरी बारा सेंटिमीटरच्या आसपासची दातेरी सुरी : पिकलेला टोमॅटो न चेंगरता कापण्यास. भोपळ्यासाठी आणि नारळ खवण्यासाठी विळी हवीच. तिची जागा कोणतीही सुरी घेत नाही.

पारख कशी करावी?

आमच्या थोरल्या भाऊजींचा भांड्यांचा व्यापार आहे. खरेदीला त्यांना बरोबर नेले, तेव्हा त्यांनी खिशातून लोहचुंबक काढले. “वहिनी, भांड्याचे स्टील वेगळे, पात्याचे वेगळे,” ते म्हणाले. आपल्या डब्या-पातेल्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते गंजत नाही, पण तापवून व थंड करून कडक करता येत नाही. म्हणून त्याच्या पात्याची धार टिकत नाही. त्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही. सुरीच्या स्टीलला कार्बन अधिक लागतो आणि त्याला लोहचुंबक घट्ट चिकटते. चिकटले म्हणजे सुरी उत्तमच असे नव्हे. पण न चिकटले तर दुकानदाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

स्टीलची कठीणता रॉकवेल या मापात सांगतात. जर्मन धाटणीच्या सुऱ्या साधारणतः ५४ ते ५८, तर जपानी धाटणीच्या ६० व त्याहून अधिक असतात. कठीण पात्याची धार जास्त दिवस टिकते, पण करवंटीवर किंवा भोपळ्याच्या देठावर आपटले तर तिचा टवका उडतो. नव्या संसाराला थोडे मऊ, गंजरोधक पाते बरे. चूक सोसते आणि धार लावणेही सोपे जाते. साध्या कार्बन स्टीलचे पाते सुरेख कापते, पण कैरी-लिंबाने काळे पडते आणि ओले राहिले की गंजते. पात्यावरील लाटांच्या नक्षीला भुलू नये. पुष्कळदा ती केवळ वरवर कोरलेली असते.

मग मूठ. पात्याचे स्टील मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असेल, तर सुरी तोलदार आणि टिकाऊ होते. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे मूठ कशाची, हे विचारावेच. काही महागड्या सुऱ्यांना हाडाच्या किंवा शिंगाच्या मुठी असतात. पारंपरिक जपानी सुरीची मूठ लाकडी दिसते, पण पात्याजवळचे काळे कडे पुष्कळदा म्हशीच्या शिंगाचे असते. आम्ही हातात घेतलेली एक सुरी याच कारणासाठी परत ठेवली. लाकूड, स्टील अथवा प्लास्टिक यांच्या मुठी निःशंक.

धारेविना दान अपुरे

बोथट सुरी सुरक्षित असते हा मोठाच गैरसमज. तिच्यावर जोर द्यावा लागतो, ती घसरते आणि बोट कापते. तेव्हा सुऱ्यांसोबत धार लावण्याचा दगड द्यावाच. १००० क्रमांकाचा दगड घरगुती कामास पुरतो. दगडावर पाते साधारण वीस अंशांत धरावे. हा कोन समजण्यासाठी कागदाचा काटकोनी कोपरा घेऊन एकदा दुमडावा, म्हणजे ४५ अंश. पुन्हा दुमडावा, म्हणजे साडेबावीस. त्याहून किंचित कमी, एवढेच लक्षात ठेवावे. जपानी पात्यासाठी पंधरा अंश.

कापण्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकचा पाट असावा. काच, ग्रॅनाइट आणि स्टीलचे ताट धार मारतात. सुरी वापरताच हाताने धुऊन, कोरडी पुसून ठेवावी. भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. इतर चमच्यांबरोबर खणात टाकली तर धार जाते आणि शोधणाऱ्याचा हातही कापतो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तीन सुऱ्या, एक दगड आणि एक लाकडी पाट अशी पेटी सासूबाईंनी स्वतः नातीच्या हाती दिली. नातीने आजीच्या तळहातावर एक रुपया ठेवला. “व्यवहार पुरा झाला,” असे म्हणून आजीने तो पदराच्या गाठीत बांधला, आणि मग तिला जवळ घेऊन सांगितले, “चिरण्याआधी उघडून पाहत जा हो.”

परवा पुतणीचा फोन आला. जावई रोज भाजी चिरतात आणि भेंडी उभीच चिरतात, असे तिने आजीला मुद्दाम सांगितले.