मुलींची शाळा आणि महिन्याचे चार दिवस

वाचकहो, आपल्या घरी दहा-अकरा वर्षांची मुलगी असेल, तर मासिक पाळी म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगितले आहे काय, याचा क्षणभर विचार करावा. ‘कावळा शिवला’ एवढ्यावर वेळ मारून नेण्याची आपली जुनी रीत. पुष्कळ घरांत संकोचापायी आज तेवढेही सांगितले जात नाही. आणि मग पहिल्या दिवशी, आपणांस काही दुर्धर रोग जडला अशा समजुतीने मुलगी शाळेच्या बाकावरच भेदरून बसते.

या विषयाकडे आता सरकारांचेही लक्ष वेधले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. केनियाने २००४ साली सॅनिटरी पॅडवरील कर काढून टाकला आणि २०१७ साली शाळकरी मुलींना ती मोफत देण्याचा कायदा केला. आपल्याकडे २०१८ च्या जुलै महिन्यात त्यांवरील कर माफ झाला. पुढच्याच वर्षी जनऔषधी केंद्रांतून एक रुपयास एक पॅड मिळू लागले. यामागील हिशेब सरळ आहे. साधन नाही म्हणून मुलगी घरी राहते, घरी राहून अभ्यासात मागे पडते, आणि मागे पडली की शाळा सुटते. तेव्हा साधन द्यावे, म्हणजे मुलगी शाळेत टिकेल.

हा हिशेब पडताळून पाहण्याचे काम एमिली ऑस्टर व रिबेका थॉर्नटन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी नेपाळमधील चितवन जिल्ह्यात केले. २००६ च्या अखेरीपासून चार शाळांतील १९८ मुलींची पाहणी सुरू झाली. सोडत काढून काही मुलींना पाळीच्या दिवसांत वापरावयाचा सिलिकोनचा छोटा पेला देण्यात आला, इतरांना नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांस चकित करणारा होता. १८० दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे बुडणारी शाळा सरासरी अर्ध्या दिवसाहूनही कमी भरली, आणि पेल्यामुळे हजेरीत काहीच फरक पडला नाही!

यावरून सारे आलबेल आहे असे कोणी म्हणेल, तर आम्हांस ते पटत नाही. एक तर चितवन म्हणजे सारे नेपाळ नव्हे. पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाळीच्या दिवसांत स्त्रियांना घराबाहेरच्या खोपटात ठेवण्याची ‘छाउपडी’ नावाची चाल आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तिला बंदी केली, २०१७ साली ती कायद्याने गुन्हा ठरली, तरी ती पुरती मिटलेली नाही. दुसरे असे की, चितवनच्या ज्या मुली घरी राहिल्या त्यांनी कारण म्हणून मुख्यतः पोटातील कळा सांगितल्या. आणि कळा पॅडने थांबत नाहीत. शिवाय ज्यांनी पेला वापरला त्यांचा घड्या धुण्याचा वेळ वाचला. त्याचा वापर त्या बहुधा मैत्रिणींकडूनच शिकल्या. हजेरीपत्रकात यांतले काही उतरत नाही. ते ‘हजर’ एवढेच नोंदविते. डाग दिसेल या भीतीने ती फळ्यापाशी गेलीच नाही, किंवा शौचास जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही, याला तेथे रकाना नाही.

शाळेतील शौचालयाचा प्रश्न येथेच येतो. या शतकाच्या आरंभी भारतातील शाळांत शौचालये बांधण्याची जी मोहीम झाली, तिचा अभ्यास अंजली अदुकिया यांनी केला व तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलांची पटसंख्या कोणत्याही शौचालयाने वाढली. वयात आलेल्या मुलींची मात्र, त्यांच्यासाठी स्वतंत्र शौचालय असेल तेथेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने असे स्वतंत्र शौचालय आवश्यक ठरविले आहे. पण त्याच्या दारास आतून कडी नसेल, नळास पाणी नसेल, अथवा कुलूप घालून किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात राहत असेल, तर कागदावर ते असून काय उपयोग? याच कायद्यान्वये सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. मातांनी या बैठकीत कडी, पाणी व कचऱ्याची झाकणाची पेटी यांविषयी खुशाल विचारावे. त्यात लाज कसली?

घरातील बोलणेही सुधारावयास हवे. ओडिशात जूनच्या मध्यास रज नावाचा सण येतो. त्या तीन दिवसांत भूमी रजस्वला आहे असे मानून नांगर धरीत नाहीत, आणि मुली नवी वस्त्रे लेवून झोपाळ्यावर झुलतात. महाराष्ट्रातही न्हाण आलेल्या मुलीस मखरात बसवीत. ती बालविवाहाच्या काळची रीत. ती परत यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु जी गोष्ट एकेकाळी वाजतगाजत सांगितली जाई, ती आज आईने मुलीच्या कानातही सांगू नये, हे चमत्कारिक खरे.

पाळी येण्यापूर्वीच, नवव्या-दहाव्या वर्षी, आईने किंवा मोठ्या बहिणीने मुलीशी बोलावे. घरचे कापड वापरावयाचे तर ते सुती व स्वच्छ असावे, साबणाने धुवावे आणि इतर कपड्यांखाली न दडविता उन्हात वाळवावे. पॅड असो वा घडी, ती चार ते सहा तासांनी बदलावी. दर महिन्यास अंथरूण धरावे लागण्याइतक्या कळा येत असतील, किंवा स्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, तर ‘बायकांचे असेच असते’ म्हणून दुर्लक्ष न करिता डॉक्टरांस दाखवावे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रे असतात. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ असे नाव आहे.