तोंडाच्या कर्करोगानंतर गाल, जीभ, जबडा पुन्हा कसा घडवतात?

तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो तो ऑपरेशननंतर तोंड कसे दिसेल, जेवता-बोलता येईल का, हा. या धास्तीने काही जण ऑपरेशन पुढे ढकलतात, काढे-लेप करून पाहतात, आणि तेवढ्यात गाठ वाढते. म्हणून काढलेल्या भागाची भरपाई कशी होते, हे आपल्या सभासदांना माहीत असावे असे आम्हाला वाटते.

गाठ काढताना सर्जन तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग, आणि गरजेप्रमाणे मानेतल्या गाठीही काढतात. जखम लहान असेल तर टाक्यांवर भागते. मोठी असेल तर बहुधा त्याच भुलीत शरीराच्या दुसऱ्या भागातले मांस व कातडी तेथे बसवतात. यालाच 'फ्लॅप' म्हणतात. हा तुकडा स्वतःच्या रक्तवाहिन्या घेऊन येतो, म्हणून जगतो.

कल्पना आपल्याकडे जुनी आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले. कातडी रुजेपर्यंत तिचा देठ तोडला नव्हता. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली.

आजही एक पद्धत देठाचीच आहे. छातीचा स्नायू कातडीसह, रक्तवाहिनी न तोडता, मानेच्या कातडीखालून तोंडापर्यंत आणतात. अमेरिकन सर्जन स्टीफन एरियन यांनी ही पद्धत १९७९ मध्ये मांडली. तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळही कमी लागतो. दुसरी पद्धत 'फ्री फ्लॅप'ची. जीभ किंवा गालासाठी मनगटाजवळची पातळ कातडी, जबड्यासाठी पोटरीतले बारीक हाड पूर्ण वेगळे काढून त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

पहिले दोन-तीन दिवस नाजूक असतात. परिचारिका वरचेवर फ्लॅपचा रंग आणि ऊब पाहतात. रक्तपुरवठा अडला तर पुन्हा ऑपरेशन करावे लागू शकते. सुरुवातीला नाकातल्या नळीने पातळ आहार देतात. काहींच्या गळ्याला श्वासासाठी तात्पुरते छिद्र असते, तेव्हा रुग्णाजवळ वही-पेन ठेवावे. नव्या कातडीला चव कळत नाही, बहुधा चटकाही कळत नाही, म्हणून चहा, वरण कोमट करून द्यावे. छातीची कातडी असेल तर पुरुषांच्या तोंडात केस येऊ शकतात, घाबरू नये. तोंड उघडण्याचे, गिळण्याचे व बोलण्याचे व्यायाम मात्र घरच्यांनी नेटाने करून घ्यावेत.

तोंड अगदी पूर्वीसारखे होईलच असे नाही. पण गाठ लवकर सापडली तर कमी भाग काढावा लागतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड कमी उघडू लागणे, यांपैकी काही दिसले तर तपासणी करावी. नारायणगुड्यापासून जवळच, रेड हिल्सला एमएनजे हे सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: कोणता फ्लॅप घेणार, आणि तोंडाने जेवण केव्हा सुरू होईल? रुग्णासोबत जाणाऱ्याने उत्तरे लिहून घ्यावीत.