विहिरीच्या पाण्यातला खडक आणि समुद्र

सह्याद्रीतून उतरणारी तेरेखोल नदी बांदा आणि आरोंद्यावरून वाहत येऊन केरी आणि तेरेखोल किल्ला यांच्यामधून अरबी समुद्राला मिळते. तिच्या दक्षिणेला गोव्याचा पेडणे तालुका आणि त्याच्या दक्षिण कडेला शापोरा नदी. भरतीचे खारे पाणी दोन्ही नद्यांतून आत चढते, तर काठावरच्या विहिरींना सड्यांमधून झिरपणारे गोडे पाणी मिळते.

या गोड्या पाण्याचा रासायनिक इतिहास पावसापासून सुरू होतो. हवेतला आणि मुख्यतः मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातली खनिजे फोडते. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातात, बरीच सिलिकाही जाते. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. पेडण्यातल्या मोपासारख्या सड्यांचा जांभा असाच घडला. या विघटनात पाण्यात बायकार्बोनेट उतरते. क्लोराइड मात्र जांभ्यातून जवळजवळ मिळत नाही. किनाऱ्यावर ते मुख्यतः समुद्राकडून येते.

गोव्यातल्याच डिचोलीच्या खाणपट्ट्यात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. तिथे वरचा जांभा पाणी धरतो, त्याखाली चिकणमातीचे थर असतात आणि त्यांच्याखालचे भुसभुशीत लोहखनिजही पाणी धरते. म्हणजे जे खणून न्यायचे तेच भूजलाचे कोठार. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की पाणी उपसणे अटळ होते. तिथल्या शिरगावात विहिरी आटल्या आणि शेतांत गाळ साचला. गाळाबरोबर लोह आणि मँगनीजही नदीत जातात. ऑक्सिजन असेपर्यंत त्यांची ऑक्साइडे इतर धातूंना धरून ठेवतात. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन संपला की आधी मँगनीज, मग लोह विरघळते आणि धरलेले धातू सुटतात. त्यामुळे गाळात धातू किती आहे एवढे मोजून भागत नाही. तो कोणत्या रूपात आहे हे पाहावे लागते.

खाणपट्टा आणि किनारा अशा दोन्हीकडच्या भूजलावर गोवा विद्यापीठातील ए. जी. चचडी यांनी काम केले. लिस्बनच्या राष्ट्रीय स्थापत्य अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील लोबो-फेरेरा यांच्यासह त्यांनी 2001 साली ‘गाल्डिट’ पद्धत मांडली. किनाऱ्यावरचे भूजल खारे होण्याचा धोका ती सहा घटकांवरून ठरवते: जलधराचा (पाणी धरणाऱ्या थराचा) प्रकार, पारगम्यता, समुद्रसपाटीपासून भूजलाची उंची, किनाऱ्यापासूनचे अंतर, सध्याचा खारेपणा आणि जलधराची जाडी. त्यांना अनुक्रमे 1, 3, 4, 4, 1 आणि 2 असे भार दिले आहेत. सध्याचा खारेपणा क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांच्या गुणोत्तरावरून कळतो. विहिरीत खडकाचा वाटा किती आणि समुद्राचा किती, हे त्या एका आकड्यात दिसते. बार्देश तालुक्यात ही पद्धत वापरली गेली.

पद्धतीतले सर्वांत जड दोन भार अंतराला आणि भूजलाच्या उंचीला आहेत, आणि ते योग्यच आहे. अंतर कोणाच्या हातात नसते. उंची मात्र उपशावर ठरते. भूजल समुद्रसपाटीपेक्षा 2 मीटरहून वर असेल तर या घटकाला 2.5 गुण मिळतात, 1 मीटरच्या खाली गेले की 10. पेडण्यासारख्या दोन खाड्यांमधल्या तालुक्यात म्हणूनच पाण्याची पातळी पावसाळ्यानंतरच्या भरल्या विहिरीत नव्हे, मे महिन्याच्या अखेरीला मोजणे महत्त्वाचे ठरते. त्याच वेळी क्लोराइडचाही नमुना घ्यावा लागतो.