चिंध्यांचं गाठोडं सोडताना

जळगाव-धुळ्याकडे गोधड्या शिवायला उन्हाळा बरा: शेतं मोकळी असतात आणि 45 अंशांकडे झुकणाऱ्या उन्हात धुतलेलं कापड बघता बघता वाळतं. उरलेले तुकडे रंगावरून नव्हे, पोतावरून वेगळे करा. कोरं सुती कापड टेरिकॉटला जोडलं, तर पहिल्याच धुण्यात सुती आटतं, टेरिकॉट तसंच राहतं आणि शिवण आकसते. म्हणून कोरं सुती आधी भिजवून वाळवावं. वर-खाली जुनं लुगडं किंवा धोतर. वितीएवढे तुकडे मधल्या थरात, पण एकावर एक चढवू नयेत, तिथं सुई अडते. धावदोरा कडेकडून आत न्यावा. बारीक चिंध्या उशीत भराव्यात, लांब पट्ट्यांची चुंबळ वळावी. जॉर्जेट मात्र गोधडीत नकोच, फार सरकतं. त्याची वेणी घालून पायपुसणं करावं.